चोरटी हवा : पेट्रोल गाडीतील व्हॅक्यूम गळती

पेट्रोल इंजिन चालू असताना त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण त्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की ही झडप जवळजवळ मिटते. पिस्टन ओढतच राहतात, हवा मात्र जेमतेम येते आणि मधल्या जागेत व्हॅक्यूम तयार होतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. गरम झालेल्या, ठाकठीक इंजिनात आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, मॅनिफोल्डमधला दाब ३० ते ४० किलोपास्कल भरतो. जुन्या काट्याच्या व्हॅक्यूम गेजवर हाच फरक पाऱ्याच्या इंचांत वाचतात आणि १७ ते २१ इंच हे माप चांगले मानतात. हे माप समुद्रसपाटीचे आहे. दर ३०० मीटर चढाईला काटा साधारण एक इंच खाली येतो. म्हणजे मुंबईत १९ इंच दाखवणारी गाडी पुण्यात १७ दाखवेल आणि महाबळेश्वरला १५च्या आत उतरेल, तरी तिच्यात काहीही बिघडलेले नसेल.

हा व्हॅक्यूम आयताच मिळत असल्यामुळे गाडी बनवणाऱ्यांनी तो अनेक कामांना जुंपला. ब्रेकच्या पॅडलमागचा मोठा गोल डबा, म्हणजे बूस्टर, याच ओढीवर चालतो. क्रँककेसमध्ये साचणारा धूर पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये खेचला जातो. टाकीतल्या पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की तीही तिथेच ओढली जाते. कार्ब्युरेटरच्या काळात डिस्ट्रिब्युटरमधले टायमिंगसुद्धा व्हॅक्यूमवर पुढेमागे होई. जुन्या अमेरिकी गाड्यांचे तर वायपरही व्हॅक्यूमवर चालत, त्यामुळे पावसात चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नेमके तेव्हाच ते मंदावत. यातल्या प्रत्येक कामासाठी मॅनिफोल्डला एक नळी जोडावी लागते. जितक्या नळ्या, जितके सांधे आणि पॅकिंग, तितक्या जागांनी बाहेरची हवा थ्रॉटलला वळसा घालून आत शिरू शकते. या चोरट्या हवेलाच व्हॅक्यूम गळती म्हणतात, जरी प्रत्यक्षात काहीही बाहेर गळत नसले तरी.

भोक लहान दिसले म्हणून परिणाम लहान नसतो. १.२ लिटरचे इंजिन ७५० आरपीएमवर सेकंदाला सुमारे २ ग्रॅम हवा घेते. मॅनिफोल्डला ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले, तर त्यातून सेकंदाला एक ते सव्वा ग्रॅम हवा आत जाते. इंजिनाच्या आयडलिंगच्या खुराकाचा हा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग झाला. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून कमी असल्याने ही हवा भोकातून ध्वनीच्या वेगाने घुसते. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारी ‘स्स्स’ अशी सुरसुर तिचीच. हीच गाडी महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने जाताना सेकंदाला १० ग्रॅमहून जास्त हवा घेते. शिवाय थ्रॉटल उघडल्याने मॅनिफोल्डमधली ओढ कमी झालेली असते. तिथे एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी चालकाला पत्ता लागत नाही. म्हणून व्हॅक्यूम गळतीची तक्रार बहुधा सिग्नलवर उभ्या गाडीची असते: आरपीएम वर-खाली होतो, गाडी थरथरते, क्लच दाबून रेस सोडली की बंद पडते, सकाळी थंड इंजिन मिसिंग करते. आणि रस्त्याला लागल्यावर सगळे सुरळीत.

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ही हवा कशी पाहतो ते समजल्याशिवाय पुढचा शोध नीट होत नाही. पेट्रोल पूर्ण जळायला एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, कारण इथेनॉलला मुळात हवा कमी लागते. ईसीयू आत येणारी हवा मोजतो, त्या हिशोबाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या ऑक्सिजन सेन्सरकडून हिशोब बरोबर आला का ते तपासून घेतो. चुकला असेल तर पेट्रोल थोडे वाढवतो किंवा घटवतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. क्षणाक्षणाला बदलते ती शॉर्ट टर्म, अनुभवाने पक्की होते ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असली तर सहसा काळजीचे कारण नसते.

हवा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि इथेच पुष्कळ गॅरेजांची गफलत होते. काही गाड्यांत एअर फिल्टरनंतर मास एअर फ्लो सेन्सर असतो. तो स्वतःजवळून गेलेली हवा मोजतो. त्याच्या पुढे चोरवाटेने शिरलेली हवा त्याला दिसत नाही. पेट्रोल कमी पडते, मिश्रण पातळ होते, ट्रिम २० ते २५ टक्क्यांवर चढते आणि पी ०१७१ हा कोड नोंदून चेक इंजिनचा दिवा लागतो. भारतातल्या छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र बहुधा मॅप सेन्सर असतो. तो हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. चोरटी हवा आत आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटते इंजिन जास्त हवा घेते आहे, आणि तो तिच्या मापाने पेट्रोलही वाढवतो. मिश्रण जवळपास बरोबर राहते, ट्रिमही नाकासमोर चालते, पण आरपीएम चढतो. तो उतरवण्यासाठी ईसीयू आयडलिंगची हवा कमी करत जातो. ती पूर्ण बंद करूनही भागले नाही की आयडलिंग १२०० ते १५०० वर अडकते आणि पी ०५०७ हा कोड येतो.

कधी याच अवस्थेत गाडी झोके घेऊ लागते. थ्रॉटल मिटलेला असूनही आरपीएम एका मर्यादेपलीकडे गेला की ईसीयूची समजूत होते की गाडी उतारावरून गियरमध्ये घरंगळत आहे. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम धाडकन खाली येतो, पेट्रोल पुन्हा सुरू होते, आरपीएम पुन्हा वर जातो. ८०० आणि १५०० यांच्यामध्ये हलणारा काटा पाहून अनेकदा थ्रॉटल बॉडी बदलली जाते, तीही काही हजार रुपयांना, आणि काटा तसाच हलत राहतो.

मॅप सेन्सरच्या गाडीत ट्रिम ठीक दिसली म्हणून गळती नाही असे ठरवणे म्हणूनच घाईचे होते. तिथे स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब पाहावा. गरम इंजिन, एसी बंद, दिवे बंद, अशा स्थितीत एरवी ३३ किलोपास्कल दाखवणारी गाडी ४५ दाखवत असेल तर संशयाला जागा आहे. गळती एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर चित्र आणखी वेगळे दिसते. त्या एका सिलिंडरचे मिश्रण पातळ होऊन तो मिस होतो, बाकीचे नीट चालतात, आणि ऑक्सिजन सेन्सरला दिसते ते सगळ्यांची सरासरी.

मास एअर फ्लोच्या गाडीत निदानाची सर्वात भरवशाची चाचणी दोन मिनिटांची आहे. इंजिन गरम करून आयडलिंगवर ट्रिम पाहायची, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर धरायची आणि पुन्हा पाहायची. आयडलिंगला २० टक्के आणि २५०० वर ४-५ टक्के असा उतार दिसला तर गळती आहे असे जवळजवळ धरून चालावे. उलट ट्रिम रेसबरोबर वाढत गेली तर हवेचा नाद सोडून पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर पाहावा. इथेनॉलमुळे अलीकडे एक नवी शंका निघते. साध्या पेट्रोलच्या मापाने बसवलेली जुनी गाडी ई-२० वर चालवली की ट्रिम सगळीकडेच काही टक्के वर बसते. ती आयडलिंगलाही तेवढीच आणि २५०० वरही तेवढीच असते. तो इंधनाचा फरक आहे, गळतीचा नव्हे. भारतात २०१३ नंतर बनलेल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली निदानाचा सॉकेट असतो आणि हे आकडे मोबाइलला जोडता येणाऱ्या स्वस्त स्कॅनरवरही दिसतात. त्यामुळे ‘गळती आहे का’ हा प्रश्न ‘कुठे आहे’ या प्रश्नाच्या आधी सोडवायला सबब उरत नाही. गॅरेजांत नेमके उलटे चालते. आधी प्लग, मग कॉइल, मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि सेन्सरच्या किमतीचे बिल झाल्यावर कोणीतरी शंभर-दोनशे रुपयांची नळी हातात घेऊन बघतो.

जागा शोधताना वयाचा विचार आधी करावा. रबर बॉनेटखालच्या उष्णतेने कडक होते आणि चिरते ते बहुधा टोकाशी, जिथे ते प्लास्टिकच्या निपलवर ताणून बसवलेले असते. पीसीव्हीची नळी मात्र आतून तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडते आणि वळणावर पोटाशी फाटते. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या जाड रबरी बेलोजची चीर वरून दिसत नाही; ती घडीच्या तळाशी आणि बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते. टॉर्च धरून दोन्ही अंगठ्यांनी एकेक घडी उलगडून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. इंजिन उभे असताना ही चीर मिटलेली राहते आणि गियर टाकून गाडी सुटताना इंजिन झुकले की उघडते, म्हणून आयडलिंगला निर्दोष असलेली गाडी निघताना गचके खाते. पावसाळ्यात उंदीर कोरड्या, उबदार बॉनेटखाली मुक्काम करतात आणि वायरींबरोबर बारीक नळ्याही कुरतडतात. चार पावले उमटलेली धूळ आणि फिल्टरच्या डब्यावरच्या लेंड्या दिसल्या, तर स्कॅनर लावण्याआधी तिथूनच सुरुवात करावी.

सीएनजी बसवलेल्या गाड्यांत आणखी एक ठिकाण वाढते. बाहेरून किट लावताना मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीला ड्रिलने भोक पाडून गॅसची निपल बसवतात, शिवाय किटच्या स्वतःच्या सेन्सरसाठी एक व्हॅक्यूमची नळी काढतात. निपल चिकटवलेला सिमेंटसारखा पदार्थ काही वर्षांत तडकतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या किटवर गाडीने बॅकफायर केला तर त्या धक्क्याने बेलोज निखळतो किंवा फिल्टरचा डबा उकलतो. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर आयडलिंग सारखेच बिघडलेले असेल तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत, म्हणजे हवेत असण्याची शक्यता जास्त.

नळ्यांनंतर क्रम लागतो पॅकिंगचा: मॅनिफोल्ड आणि हेडमधले गॅस्केट, थ्रॉटल बॉडीची रिंग, इंजेक्टरच्या रिंगा. इंजेक्टरला दोन रिंगा असतात. वरची गेली तर पेट्रोल बाहेर येते, खालची गेली तर हवा आत जाते. मॅनिफोल्डचे गॅस्केट थंडीत आक्रसते आणि इंजिन तापले की फुगून फट बुजवते. सकाळी पाच मिनिटे त्रास देऊन मग शहाण्यासारखी वागणारी गाडी दुपारी गॅरेजात नेण्यात अर्थ नसतो. ती रात्रभर तिथेच ठेवून सकाळी थंड असताना तपासावी लागते.

प्रत्यक्ष शोधाची सुरुवात कानाने होते. हातभर लांबीची रबरी नळी एका कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरवले की सुरसुर कुठून येते ते कळते. फक्त पंखा आणि पट्टे यांपासून नळी, बाही आणि हात दूर ठेवावेत. मग नळ्या एकेक करून चिमटायच्या. पक्कडीच्या जबड्याला कापड गुंडाळून नळी हलकेच दाबली आणि आयडलिंग सुधारले, तर दोष त्या नळीच्या पलीकडे आहे. पीसीव्हीची नळी दाबल्यावर आरपीएम किंचित बदलतोच, कारण ती कारखान्यानेच हिशोबात धरलेली वाट आहे. बदल मोठा असेल तर व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवावा. आतली गोळी खुळखुळत नसेल तर तो अडकला आहे. काही नव्या इंजिनांत व्हॉल्व्हऐवजी पातळ पडदा असतो. तो फाटला की आयडलिंगला तेल भरायचे झाकण इतके आत ओढले जाते की उघडताना जोर लावावा लागतो. पर्ज व्हॉल्व्हची परीक्षाही सोपी आहे: इंजिन थंड असताना आयडलिंगवर कोळशाच्या डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढून तिथे बोट ठेवावे. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर याच्याकडेच आधी पाहावे.

गॅस्केटच्या कडांवर फवारा मारून पाहण्याची पद्धत जुनी आहे. कार्ब क्लीनर गळतीच्या जागी पडला की इंजिन ते इंधन म्हणून ओढते आणि आरपीएम चढतो. नव्या गाडीत ईसीयू हा चढ लगेच दाबून टाकतो, म्हणून आरपीएमऐवजी स्कॅनरवरची शॉर्ट टर्म ट्रिम किंवा ऑक्सिजन सेन्सर पाहावा. पण हा फवारा पेटतो. शेजारीच लालबुंद होणारा एक्झॉस्ट असतो, जुन्या गाडीत चिरलेल्या प्लगच्या वायरी ठिणग्या टाकत असतात, आणि बंद गाळ्यात वाफ साचते. घरच्या घरी करायचे असेल तर साध्या पाण्याची झारी बरी. पाणी चिरेत शिरून क्षणभर ती बुजवते, सुरसुर थांबते आणि आरपीएम हलतो. इलेक्ट्रिक कनेक्टरवर मात्र ते उडवू नये.

सगळ्यात निर्विवाद उत्तर देते ते धुराचे यंत्र. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडचे तोंड बुजवतात आणि खनिज तेल तापवून केलेला पांढरा धूर बूस्टरच्या नळीतून अगदी कमी दाबाने, अर्ध्या ते एक पीएसआयने, मॅनिफोल्डमध्ये सोडतात. टॉर्चच्या झोतात एखाद्या बोल्टजवळून धुराची रेघ निघते आणि वाद संपतो. दाब जास्त दिला तर चांगले सील उगाच उघडतात, म्हणून कॉम्प्रेसरची हवा थेट लावणे चुकीचे.

ब्रेक बूस्टरची गळती या सगळ्यांत वेगळी धरावी, कारण तिथे आयडलिंगबरोबर ब्रेकही जातो. इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबून साठलेला व्हॅक्यूम संपवावा, मग पॅडल दाबून धरून गाडी सुरू करावी. पॅडल पायाखाली थोडे खाली बसले तर बूस्टर काम करतो आहे. नंतर गाडी बंद करून दोन-चार मिनिटांनी पॅडल दाबून पाहावे. पहिले दोन दाब हलके लागले पाहिजेत. पहिलाच दगडासारखा लागला तर एकतर्फी व्हॉल्व्ह किंवा पडदा व्हॅक्यूम धरत नाही. पॅडल दाबल्यावर पायाशी सुरसुर आणि त्याच वेळी आरपीएममध्ये बदल, ही पडदा फाटल्याची खूण. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये.

दुरुस्तीत हुशारीपेक्षा योग्य वस्तू लागते. चिरलेली नळी ओढून काढू नये. जुने प्लास्टिकचे निपल तिच्याबरोबर तुटते आणि शंभर रुपयांच्या कामाचे मॅनिफोल्डचे काम होते. ब्लेडने लांबीत चीर देऊन ती सोलून काढावी. नळी लांब असेल आणि फक्त टोक चिरले असेल तर तेवढे कापून पुन्हा बसवता येते. नवी नळी आतल्या व्यासाला नेमकी हवी आणि जाड भिंतीची हवी, नाहीतर ओढीने ती स्वतःच चपटी होते. दिसायला छान रंगीत सिलिकॉनची नळी कोरड्या व्हॅक्यूमला चालते, पण तेलाची किंवा पेट्रोलची वाफ जिथे जाते तिथे ती फुगते. बूस्टरच्या नळीतल्या व्हॉल्व्हचा बाण इंजिनाकडे ठेवायचा असतो. एम-सील, इन्सुलेशन टेप आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी यांनी गाडी घरी पोचते. त्यापुढे त्यांच्यावर विसंबू नये.

गॅस्केट बदलताना बोल्ट नुसते आवळून पाहण्याचा मोह होतो. पॅकिंग बसकले असेल तर त्याने भागतेही, पण प्लास्टिकचा मॅनिफोल्ड जास्त आवळला तर वाकतो आणि फट कायमची होते. खोलल्यावर हेडच्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबावे, जुने पॅकिंग ओरखडे न पाडता काढावे आणि सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने मॅनिफोल्डची सपाटी पाहावी. ती कंपनीच्या मर्यादेबाहेर गेली असेल तर नवे गॅस्केटही टिकत नाही. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळतात. वर सिलिकॉनचा लेप चोपडण्याची सवय वाईट; आत गेलेले तुकडे अडचण करतात आणि काही प्रकारच्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. इंजेक्टरची रिंग बदलण्याआधी इंधनाचा दाब उतरवावा लागतो, ते काम फिटरवर सोडलेले बरे.

गळती बुजली तरी ईसीयूला जुनी सवय लागलेली असते. वाढवलेली लाँग टर्म ट्रिम तशीच राहिली तर गाडी काही दिवस उलट जास्त पेट्रोल पिते. म्हणून कोड पुसून ट्रिम शून्यावर आणतात आणि काही गाड्यांत आयडलिंग नव्याने शिकवण्याची क्रिया करतात. मधल्या काळात कोणी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवला असेल, तर तो पूर्ववत केल्याशिवाय हिशोब जमत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत आयडलिंग वाढवायला स्क्रू फिरवणे रास्त होते. इंजेक्शनच्या गाडीत कारखान्याने रंग लावून बंद केलेला तो स्क्रू हलवला की थ्रॉटल मिटल्याचेच ईसीयूला कळत नाही. दोनेकशे किलोमीटर चालवल्यावर आयडलिंगची आणि २५०० आरपीएमची ट्रिम पुन्हा पाहावी; दोन्ही शून्याजवळ आणि एकमेकांजवळ आल्या असतील तर दुसरी गळती लपलेली नाही.

टर्बो पेट्रोल गाडीत टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीची चीर उलटी वागते. रेस दिल्यावर तिथला दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो आणि मोजून घेतलेली हवा बाहेर निसटते, म्हणून त्रास आयडलिंगला न होता पिकअपला होतो. डिझेल इंजिनात हवा थ्रॉटलने अडवून वेग राखला जात नसल्याने असा व्हॅक्यूम तयारच होत नाही. तिथे इंजिनावर चालणारा वेगळा पंप तो निर्माण करतो आणि बूस्टरला, तसेच अनेक गाड्यांत टर्बोच्या नियंत्रणाला पुरवतो. त्या नळीला चीर गेली तर डिझेल गाडीचे आयडलिंग शाबूत राहते, पण पॅडल कडक होते किंवा घाटात टर्बोची ओढ नाहीशी होते. तिथे ट्रिमऐवजी पंपाच्या तोंडाशी गेज लावून, मग एकेक नळी चिमटत पुढे जातात.